मनावरचा प्रशासक

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, आयुष्यभर कॉलेजात अठराव्या शतकातलं इंग्रजी साहित्य शिकवलं. त्या काळचे कवी मनाला राज्य मानायचे. बुद्धी राजा, भावना प्रजा. अण्णांना विस्मरणाचा आजार असल्याचं कळलं, तेव्हा मी उसन्या थट्टेनं विचारलं, "काय म्हणतो तुमचा राजा?"

"पळाला, माय. आता महापालिकेवर बसवतात तसा प्रशासक बसलाय. लई कडक. रोज एकेकाचं नाव उडवतो."

"माझं तेवढं राहू दे म्हणावं."

"सांगतो. पण ऐकत नाय कोणाचं."

ते गेले त्याच्या आदल्या दिवशी मी वाळूजहून काम संपवून थेट त्यांच्याकडे गेले. पलंगाशी बसले. अण्णांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. ओळखीचं काहीच त्यांच्या डोळ्यांत उमटलं नाही. घाईघाईनं सदऱ्याचं वरचं बटण लावून ते उठून बसले आणि त्यांनी हात जोडले.

"मॅडम, एवढी एक विनंती. माझी मुलगी यायची आहे. दमून येते बिचारी, तिला बाहेर थांबवू नका."

मी ते जोडलेले हात माझ्या हातांत घेतले आणि म्हणाले, "मंजूर."