किडका दाणा

“माणसाच्या विसराचं मूळ सापडलं! आता जगात कुणी काही इसरणार न्हाई!” बिदरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात, हिरवे झगे घालून ओळीनं बसलेल्या एकवीस म्हाताऱ्यांसमोर हावगेप्पांनी जाहीर केलं.

“काय नाव म्हनायचं त्या मुळाचं?” एका म्हातारीनं विचारलं.

हावगेप्पांना ते आठवेना.

“क्रिस्टलिन,” चैत्रा म्हणाली. ही कलबुर्गीची संशोधन करणारी मुलगी. मोतीबिंदू काढला की आतलं भिंग बाटलीत घालून प्रयोगशाळेत न्यायचं, हे तिचं काम. सकाळपासून चौथ्यांदा ती समजावत होती. “भिंगात हे प्रथिन असतं, अप्पा. आईच्या पोटात तयार झालेलं, ते जन्मभर बदलत नाही. वय झालं की त्याच्या गुठळ्या होतात. विसराच्या आजारात मेंदूतही अशाच काही गुठळ्या होतात. डोळ्यातल्या गुठळ्या बघून तो आजार आधी कळतो का, पुढं कधी औषध निघेल का, एवढंच आम्ही तपासायलोत. भिंग काढल्यानं विसर जाणार नाही.”

“व्हय, व्हय,” हावगेप्पा म्हणाले. माल चांगला असला की व्यापारी आधी नाहीच म्हणतो, हे त्यांना ठाऊक होतं.

राजेश्वर गावात त्यांचं चाळीस वर्षांचं डाळीचं दुकान. तिथं शिकलेलं शास्त्र एकच, किडका दाणा वेळेवर काढला की पोतं वाचतं. वर्षभर त्यांची बायको रुद्रम्मा चहात मीठ घालत होती. भाकरी करून साड्यांच्या घडीखाली ठेवत होती. महिन्यापासून तर नवऱ्याकडे बघून “कोण हाय?” म्हणत होती. पण डोळ्यांवर एवढा जाड पडदा आल्यावर बाईनं ओळखायचं तरी कसं?

चैत्रानं प्रश्नांचा कागद काढला. भिंगाबरोबर पेशंटची आठवणही तपासायची होती.

“अम्मा, आज वार कोणता?”

“सोमवार.”

वार गुरुवार होता. “तिला रोजच सोमवार,” हावगेप्पांनी खुलासा केला. “भक्ती हाय.”

“तुमच्या मालकांचं नाव काय?”

रुद्रम्मानं मान खाली घातली. पदराचं टोक दातात धरलं.

हावगेप्पांनी मांडीवर थाप मारली. “लिवा ताई, पैकीच्या पैकी! अठ्ठेचाळीस वर्षांत एकदा न्हाई घेतलं नाव. लग्नात सगळ्या बायांनी खोलीत कोंडलं, तरी न्हाई! हे इसरली न्हाई बघा.”

चैत्राचं पेन थांबलं. तिनं म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि कोऱ्या चौकटीपुढं बरोबरची खूण केली.

दुपारी ऑपरेशन झालं. चैत्रानं बाटली आणली. तळाशी तपकिरी भिंग, हरभऱ्याच्या डाळीएवढं. हावगेप्पांनी बाटली उजेडाला धरली, तिरपी केली, हलवली.

“किडका,” त्यांनी निकाल दिला. “आता पोतं वाचलं.”

दुसऱ्या दिवशी पट्टी काढायची होती. हावगेप्पांनी आंघोळ केली, कपाळावर भस्माची इबूत ओढली, घडीचं धोतर नेसलं. टोपी दोनदा काढून पुन्हा नीट घातली. नर्सला म्हणाले, “मी दारात उभारतो, बाई. आधी मीच दिसलो पायजे.” आणि वरातीतल्या नवरदेवासारखे ते दार अडवून उभे राहिले.

पट्टी निघाली. रुद्रम्मानं डोळा मिचकावला.

“कॅलेंडरवर गाय हाय. कपाळाला कुंकू लावलंय तिच्या,” ती म्हणाली. खरंच होतं. “बाई, तुझ्या एका कानातलं पडलंय की.”

नर्सनं कान चाचपला. वॉर्डात हशा पिकला. हावगेप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते सगळ्यांना दिसावं म्हणून त्यांनी पुसलं नाही.

चैत्रा वाकली. “अम्मा, तिकडं बघा. हे कोण?”

रुद्रम्मानं बघितलं. टोपी, इबूत, धोतर, सगळं सावकाश, वरपासून खालपर्यंत बघितलं. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो तिनं सावरला नाही.

“अण्णा,” ती मोठ्या अदबीनं म्हणाली, “जरा बाजूला सरा की. दार दिसंना मला. हावगेप्पा येणार हाय न्यायला.”