चकचकीत कागदावरचे रंगराव

२०१९ साली रंगराव गेले आणि तेराव्याच्या आत त्यांचा दोन फुटी फोटो भिंतीवर लागलाच पाहिजे, असं त्यांच्या मुलाने, निरंजनने ठरवलं.

रंगराव चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर होते. तिथं त्यांना कुणी विचारत नसे, म्हणून सगळा रुबाब ते संत तुकाराम नगरच्या घरात आणून ओतत. वरणात मीठ कमी पडलं की ताट भिंतीवर. मुलाने बापाकडून घर घेतलं आणि डोळे वटारणंही.

त्या घराची एक रीत होती. रंगरावांच्या बायकोने, मंजुळाबाईंनी म्हटलं की त्याच्या उलट करायचं. त्यांनी पांढरा रंग सुचवला, हॉल हिरवा झाला. सुनेला नोकरी करू द्या म्हणाल्या, वर्षाली घरी बसली.

फोटोचं विचारायला मंजुळाबाई रहाटणीत शफीच्या दुकानात गेल्या. त्याला त्या लहानपणापासून ओळखत. तासभर बसून त्यांनी कागदांची आणि शायांची बारीक चौकशी केली.

शफीने शेवटी सांगितलं, "काकी, मॅट कागद आणि पिगमेंट शाई घ्या. दिवसभर वाळवून मग लॅमिनेशन. पन्नास वर्षं काही होत नाही. चकचकीत कागदावर साधी शाई आज झकास दिसते. पण ओल्यावरच गरम लॅमिनेशन केलं की ओल आत कोंडते, रंग पसरतो. त्यात उन्हाची भिंत असली तर वर्षभरात खेळ खलास."

संध्याकाळी त्यांनी लेकाला सांगितलं, "मॅटच घे. आणि घाई करू नकोस, नीट वाळू दे."

"आई, तू कधीपासून फोटोवाली झालीस? मॅट म्हणजे मळकट. बाबा चकचकीतच पाहिजेत."

"उडेल रे लवकर."

"तुझी अक्कल उडालीय."

"बरं, निदान खिडकीसमोर तरी नको लावूस."

"तिथंच लागणार!"

वर्षाली पोळ्या लाटत होती. तिने मान वर केली नाही.

दुकानात शफी म्हणाला, "भाऊ, उद्या या, वाळू द्या."

"माझ्या आईने शिकवून ठेवलंय वाटतं तुला? आत्ताच्या आत्ता कर."

दिवाळीत रंगरावांच्या मिशा हिरव्या झाल्या. पुढच्या उन्हाळ्यात चेहरा गेला. चकचकीत प्लास्टिकच्या आत नुसती कॉलर उरली.

मंजुळाबाई म्हणाल्या, "नवीन करून घे रे. मोबाईलमध्ये आहे ना तुझ्या?"

"एकदा केला तेवढा बास!" निरंजन खेकसला. मग चौकट माळ्यावर गेली.

निरंजनचे केस गेले, आवाज तेवढा राहिला. वर्षाली चाकणच्या कंपनीत लागली. सासूने कडाडून विरोध केला, तरी लागली. गेल्या वर्षी मंजुळाबाई गेल्या. त्यांचा फोटो करायला वर्षाली एकटीच शफीकडे आली.

"मॅटच ना, भाभी?" शफीने विचारलं. मग फोटोकडे बघत म्हणाला, "त्या दिवशी काकी आल्या ना, स्टुलावर टेकायच्या आधीच विचारलं त्यांनी... शफी, कुठल्या कागदावरचा माणूस सगळ्यात लवकर पुसला जातो?"