दोन चाकांपुरता पट्टा

"पट्टा दोनच चाकांले पुरते, मालक," जागेश्वर मिस्त्री म्हणाला. "फ्लॅप पुढच्या चाकांमागं टांगू का मागच्या?"

चाकांनी उडवलेले खडे अडवायचे फ्लॅप कापायला राईस मिलचा जुना पट्टा त्याने जमिनीवर पसरला होता. कापड आणि रबर एकत्र दाबून केलेला, म्हशीच्या कातड्यासारखा चिवट. रूपलालला तो पाहताक्षणीच आवडला. त्याआधी त्याने टायरचा तुकडा नको म्हटलं होतं, कारण तो वाकत नव्हता. पत्र्याचा फ्लॅप खडखडला असता. नागपूरहून आलेले तयार फ्लॅप पापडासारखे पातळ होते. अख्खी सकाळ त्याने गोंदियात या निवडीत घालवली होती. त्याची बायको सुंदरबाई बाकड्यावर बसून पाहत होती.

गोरा साहेब विलायतेला जाताना नागपुरात विकून गेलेली काळी ऑस्टिन दोन हात फिरून रूपलालकडे आली होती. गावातली पहिलीच मोटार. तिचा रंग असा चकचकीत, की तिच्या दारात वाकून पाहत पागोटं नीट करता यावं. पण गावापासून डांबरी सडकेपर्यंतचा रस्ता चोरखमारा तलावाच्या कालव्याच्या पाळीवरून जात होता, नुसता मुरूम आणि गिट्टी. चाकांनी उडवलेले खडे दारांवर बसत. जिथे टवका उडे तिथे रूपलाल ओलं फडकं फिरवी आणि त्या दिवशी कमी जेवी.

"सामने लगाया तो तुमचा रंग वाचते," मिस्त्री म्हणाला. "पीछे लगाया तो मागून येणाऱ्याचं डोकं."

"मंग विचारतोस कायले? पुढं लाव."

"मागं लावा," सुंदरबाई म्हणाली.

रूपलालने वळून पाहिलं. चारचौघांत ती सहसा बोलत नसे.

"मागं कोन येते आपल्या? धूळ येते."

"मोठे येतात."

मोठे म्हणजे ग्यानीराम, रूपलालचा थोरला भाऊ. रीतीप्रमाणे सुंदरबाई या मोठ्या दिराचं नाव घेत नसे आणि त्याच्यासमोर तोंडावर पदर ओढी. दिवाळीपासून दोघांचं बोलणं बंद होतं. मोटार दारात आली त्या दिवशी ग्यानीराम म्हणाला होता, "बैलाच्या गळ्यात घंटी पुरते. तुले भोंगा कायले पायजे?" रूपलालने चार माणसांसमोर उत्तर दिलं होतं, "तुले माह्यं पाहवत नाही." त्यानंतर भावाने त्याचा उंबरा ओलांडला नव्हता.

"दर बाजाराच्या दिवशी सायकलवर मागं असतात," सुंदरबाई सांगू लागली. "डांबरी सडक लागेपर्यंत. मंग वापस फिरतात. मी मागच्या काचेतून पाहतो ना. गाडीत पदर खाली ओढून कायले बसतो मी, तुमाले काय वाटलं? धुळीनं?"

रूपलालला खरंच धुळीने वाटलं होतं. तो पुढे पाहायचा, दोन्ही हातांनी चक्र घट्ट धरून. वळणावर झुडपालाही भोंगा द्यायचा आणि सायकलच्याच चालीने सरकायचा. सरळ रस्ता लागला की मात्र एकदम जोर द्यायचा, म्हणजे गाडीला आपण घाबरत नाही हे गाडीला कळावं.

"येत असंल," तो म्हणाला. "गाडी कुठं बंद पडते ते पाहाले. हसाले बरं."

"त्याइच्या भुवईवर पट्टी आहे. पायली का तुमी?"

"दाराची चौकट लागली म्हने."

"गावाले तसं सांगितलं त्याइनं. आपल्या चाकाची गिट्टी लागली. मी डोळ्यानं पायलं. सायकल थांबवली, शेल्याच्या टोकानं रक्त पुसलं, अन् परत मागं येऊन राहिले."

मिस्त्री उगाचच पान्याला तेल लावत बसला. रूपलालने गाडीच्या दारावर हात ठेवला. ऊन त्या काळ्या रंगात चकाकत होतं. तिथे नवा टवका त्याच्या बोटाला लागला. तो बराच वेळ त्यावरून बोट फिरवत राहिला.

"मागं लाव," तो शेवटी म्हणाला. "चांगले लांब काप."

परत येताना कालव्याच्या पाळीवर खडे दारांवर टकटक वाजत राहिले. एकदाही त्याने उतरून पाहिलं नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी गाव मागे पडल्यावर रूपलालने गाडी रस्त्यातच उभी केली. धूळ खाली बसली तशी सायकल दिसली. ग्यानीराम उतरला. निघून जावं की उभं राहावं हे त्याला कळेना. मागच्या सीटवर सुंदरबाईने पदर आणखी खाली ओढला.

दोघे भाऊ समोरासमोर आले. ग्यानीरामची नजर फ्लॅपवर गेली. त्याने खाली बसून पट्टा दोन बोटांत धरून पाहिला, वाकवून पाहिला.

"माल चांगला आहे," तो म्हणाला. "पन पुढं लावाचा होता. दारांचा रंग चालला."

"जाऊ दे रंग." रूपलाल म्हणाला. "दादा, मी दिवाळीले बोललो ते…"

"ऊन होऊन राहिलं. बाजार उठंल."

"मंग बस गाडीत. सायकल मागं बांधतो."

तो सायकल उचलायला गेला, आणि तिथेच थांबला. कॅरिअरवर एक जाड नाडा वेटोळं करून बांधलेला होता, गाळात रुतलेली बैलगाडी ओढायला घेतात तसला.

"हा कायले?"

ग्यानीरामने शेल्याने तोंड पुसलं. एका बाजूचा भरून वाहणारा कालवा पाहिला, मग धाकट्या भावाकडे पाहिलं.

"मी बी गाडीत बसलो, अन् तू गाडी कालव्यात घातली, त आपल्याले बायर ओढंल कोन?"