गोपनीय तक्रार

सुरक्षा सप्ताहाच्या पहिल्या दिवशी मी विद्यापीठाच्या कार्यालयात घारपुरेबाईंकडे तक्रार दिली: ग्रंथालयापासून वसतिगृहापर्यंत एक मुलगा रोज माझ्या मागे येतो आणि नाव विचारतो. मी ते अजून सांगितलेलं नाही.

"इथलं इथंच राहील गं," म्हणत त्यांनी अर्जावर 'गोपनीय'चा शिक्का मारला. तो पुसट उमटला, म्हणून पुन्हा मारला.

तिसऱ्या दिवशी मी कँटीनमध्ये चहाच्या रांगेत होते. तो मुलगा माझ्यामागे चौथा होता. सुरक्षेच्या सूचनांसाठी बसवलेला नवा ध्वनिक्षेपक खरखरला आणि घारपुरेबाईंचा आवाज सगळ्या इमारतींत घुमला.

"कुमारी हेमांगी वाळके, रसायनशास्त्र, द्वितीय वर्ष, वसतिगृह खोली क्रमांक एकवीस. आपल्या गोपनीय तक्रारीची पोच तयार आहे. त्वरित घेऊन जावी."

यंत्रणा उत्तम होती. एक अक्षरही हरवलं नाही.

"हेमांगी," त्यानं मागून हाक मारली. "पोच आणायला सोबत येऊ?"