बसून दाखवा

खुर्च्यांच्या दुकानातल्या सेल्समनचा जीव सायटिकाने मेटाकुटीला आला होता. कंबरेतून निघालेली कळ थेट टाचेपर्यंत जायची. डॉक्टर म्हणाले, "फार वेळ उभं राहू नका, ओझं उचलू नका." मालक म्हणाले, "विकायच्या खुर्चीवर नोकर टेकलेला मला खपणार नाही." मग काय, दिवसभर या पायावरून त्या पायावर, आणि तोंडाने, "पाठीला आधार बघा कसला आहे!"

संध्याकाळी एक बाई हटूनच बसल्या. "आधी तुम्ही बसून दाखवा." मालकांनी नाइलाजाने मान हलवली. तो टेकला, कळ थांबली, डोळे आपोआप मिटले.

"अगंबाई, एवढा आराम? हीच द्या!"

मालकांनी खुशीत त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! ऊठ आता, खुर्ची उचल आणि ताईंच्या गाडीत नेऊन ठेव."