अडेनियमचं पाणी

"खुर्ची कुंडीजवळ घे जरा," भास्करराव बायकोला म्हणाले. किडनीच्या दुखण्याने दिवाळीपासून अंथरुणाला खिळलेले ते आज पहिल्यांदा गॅलरीत आले होते.

कुंडीतलं हे अडेनियमचं झाड त्यांनी बी पेरून वाढवलं होतं. दर उन्हाळ्यात ते त्याला उपटून थोडं वर उचलून लावायचे, म्हणून त्याचा बुंधा मातीवर मडक्यासारखा फुगला होता. थंडीत पानं गळाली की पाणी बंद, हा त्यांचा नियम घरात सगळ्यांना पाठ होता.

त्यांनी बुंध्यावर अंगठा दाबला. तो सहज आत रुतला आणि कुजका वास आला.

"शरयू, याला पाणी घातलंस?"

शरयूताई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "डॉक्टरांनी तुम्हाला घोटभरच द्यायला सांगितलंय. रोज मी तुमच्या हातातून फुलपात्र ओढून घेते. ते भरलेलं पाणी मोरीत ओतवत नाही हो. मग याला घालायचे."

भास्कररावांनी लेंगा वर केला आणि तोच अंगठा सुजलेल्या नडगीवर दाबला. अंगठा काढला तरी तिथला खळगा भरून आला नाही.

"कुजलेलं कापून हळद लावली तर वाचेल ना?" शरयूताईंनी विचारलं.

"नाही. फार वर गेलंय."

त्यांनी पुन्हा आपल्या पायाकडे पाहिलं. मग तिपाईवरचं रिकामं फुलपात्र उचलून त्यांनी शरयूताईंपुढे धरलं.

"आता मलाही भरून दे."