केसाळ पंजे

प्राण्यांचे पोशाख घालून जमणाऱ्यांच्या मेळाव्यात कोल्हा झालेली माझी नात माझा हात धरून शिरली, कारण मुखवट्यातून तिला जेमतेम दिसत होतं. हातांवरचं कोड दिसू नये म्हणून तिने केसाळ पंजे शिवले होते. फोनवर लिहून लिहून जिच्याशी गट्टी जमली, ती ससा झालेली मैत्रीण उघड्या हातांनी खुणावत आली. तिला ऐकू येत नाही, म्हणून नात माझ्याकडून खुणांची भाषा शिकली होती. पण पंज्यांतून एकही खूण उमटेना. “आजोबा, तुम्हीच सांगा ना तिला!” “मैत्रीण तुझी. मी कशाला लुडबुडू?” नात घुटमळली. मग एक पंजा काढून तिने माझ्या काखेत कोंबला आणि चाचरत खूण केली. मैत्रिणीने तिची पांढरी बोटं धरून चुकलेला अंगठा आत वळवला. “चुकीचं शिकवलंत, आजोबा!” म्हणत नातीने दुसराही पंजा काढला.